ब्लॅक्सबर्गचा तिसरा डाऊन

शार्लटहून इंटरस्टेट 77 धरून उत्तरेकडे निघाले की व्हर्जिनियाची हद्द ओलांडताच फॅन्सी गॅपचा चढ लागतो, आणि ब्लू रिज डोंगरावर ढग उतरलेले असतील तर हा रस्ता आंबोली घाटासारखी परीक्षा पाहतो. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये मी या रस्त्याने व्हर्जिनियातल्या ब्लॅक्सबर्गला गेलो तो एका प्रशिक्षकाचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना पाहण्यासाठी. बड फॉस्टर हे तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बचावफळीचे प्रशिक्षक. हा आपला शेवटचा मोसम, असे त्यांनी 1 ऑगस्टलाच जाहीर केले होते. माझा भाचा तेव्हा तिथे शिकत होता. त्याने तिकिटे काढून ठेवली आणि मला फोनवर फक्त एवढेच सांगितले, “मामा, या वेळी नाही आलास तर पुन्हा नाही.”

राहण्याविषयी चांगले सांगण्यासारखे काही नाही. सामन्याच्या शनिवारी या छोट्या गावात खोली मिळत नाही, आणि मिळालीच तर दोन रात्रींचे भाडे भरावे लागते. एका सामान्य मोटेलने माझ्याकडून जे पैसे घेतले ते आठवले की मला आजही राग येतो. गावकऱ्यांनी मात्र त्याची पुरेपूर भरपाई केली. मैदानाबाहेरच्या वाहनतळावर सकाळपासून शेगड्या पेटलेल्या होत्या, आणि आम्ही मांस खात नाही हे कळताच एका अनोळखी आजींनी आमच्यासाठी मक्याची कणसे वेगळ्या जाळीवर भाजून दिली. आम्ही फॉस्टर यांच्यासाठी आलो आहोत हे ऐकल्यावर त्यांनी आम्हाला खुर्च्या देऊन बसवूनच घेतले.

त्या आजींना फॉस्टर यांची सारी कारकीर्द पाठ होती. केंटकीत जन्मलेले आणि इलिनॉयमधल्या एका लहान गावात वाढलेले फॉस्टर मरी स्टेट विद्यापीठाकडून खेळले. तिथेच ते मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्या हाताखाली प्रशिक्षक झाले, आणि 1987 साली बीमर व्हर्जिनिया टेकला आले तेव्हा त्यांच्याबरोबर ब्लॅक्सबर्गला आले. सुरुवातीची वर्षे कठीण गेली. 1992 च्या मोसमात संघाला 11 पैकी केवळ 2 सामने जिंकता आले. त्यानंतर मात्र 1993 पासून 2019 पर्यंत एकही मोसम असा गेला नाही की या संघाला मोसमाअखेरच्या बोल सामन्याचे निमंत्रण मिळाले नाही. 1995 साली फॉस्टर आणि रॉड शार्पलेस हे दोघे मिळून बचावफळी सांभाळू लागले. शार्पलेस यांच्या सासूबाईंनी न्यू जर्सीतून कोळशाच्या खाणीतल्या एका कामगाराचा जेवणाचा जुना डबा मिळवून दिला होता, आणि तोच या बचावफळीचे चिन्ह ठरला. दक्षिण-पश्चिम व्हर्जिनिया हा मुळात खाणींचाच मुलूख असल्यामुळे त्या डब्याचा अर्थ इथे कोणाला समजावून सांगावा लागला नाही. पुढच्या वर्षापासून बचावाची सगळी सूत्रे एकट्या फॉस्टर यांच्याकडे आली.

लेन स्टेडियममध्ये पाठ टेकायला आधार नसलेल्या धातूच्या बाकांवर माणसे इतकी दाटीवाटीने बसतात की हात खिशात घालणेही अवघड होते. एरवी अशी गर्दी मला सोसत नाही. पण समोरच्या पिट्सबर्गच्या संघाचा पहिला तिसरा डाऊन आला आणि माझ्या आजूबाजूच्या हजारो लोकांनी खिशातून घराच्या, गाड्यांच्या, कपाटांच्या किल्ल्या बाहेर काढून डोक्यावर धरल्या आणि खुळखुळायला सुरुवात केली. या खेळात आक्रमण करणाऱ्या संघाला 10 यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी, म्हणजे चार डाऊन, मिळतात. चौथ्या संधीला बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर पाठवून देतात, त्यामुळे खरा निकाल तिसऱ्या संधीलाच लागतो. ती अडवली की बचावफळी मैदानाबाहेर येते आणि अडवता आली नाही तर दमलेल्या पायांनी पुन्हा उभी राहते. किल्ल्यांचा तो आवाज गोंगाटासारखा नव्हता. तो बारीक आणि चिवट होता, आणि तो खालच्या अकरा मुलांसाठी होता.

मी दुर्बिणीतून चेंडूऐवजी मैदानाच्या कडेला हेडसेट लावून उभ्या असलेल्या फॉस्टर यांच्याकडेच पाहत राहिलो. समोरचा संघ रांग लावतो, खेळाडू जागा बदलतात, आणि चेंडू सुटण्याआधीच्या त्या थोड्याशा क्षणांत कोणाला चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर सोडायचे आणि कोणाला मागे ठेवायचे हे ठरवावे लागते. धावणाऱ्याला रोखण्यासाठी आठ जण पुढे आणायचे आणि त्यापायी पास अडवणाऱ्या आपल्या कॉर्नरबॅकना मागे एकटे सोडायचे, हा धोका ते वर्षानुवर्षे पत्करत आले, आणि म्हणूनच इथून इतके उत्तम कॉर्नरबॅक घडले. 2006 मध्ये त्यांना देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. 2014 मध्ये त्यांच्या बचावफळीने ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकला 7 वेळा पाडले, त्याचे 3 पास पळवले आणि सामना 35-21 असा जिंकून दिला. पुढे तोच ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता झाला.

पिट्सबर्गविरुद्धचा सामना व्हर्जिनिया टेकने 28-0 असा जिंकला. आधीच्याच आठवड्यात जॉर्जिया टेकलाही त्यांनी शून्यावर ठेवले होते. निकालाची काळजी संपल्यावरही किल्ल्या थांबल्या नाहीत, कारण आता लोकांना ते शून्य टिकवायचे होते. गुण मिळवणाऱ्याचे नाव फलकावर लिहिले जाते, पण न दिलेल्या गुणांसाठी इतकी माणसे थंडीत उभी राहिलेली मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाहीत.

रविवारी सकाळी भाचा मला विद्यापीठाच्या आवारातल्या ड्रिलफील्ड या मोकळ्या मैदानावर घेऊन गेला. बरस हॉलसमोर 16 एप्रिल 2007 च्या गोळीबारात मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ 32 दगड अर्धवर्तुळात मांडलेले आहेत, आणि त्यांपैकी एकावर मुंबईहून वास्तुरचना शिकायला आलेल्या एका मुलीचे नाव आहे. त्या वर्षीच्या मोसमात फॉस्टर यांच्या डब्यात ही 32 नावे ठेवलेली होती. तिथे आम्ही फारसे बोललो नाही, आणि परतीच्या प्रवासाविषयी लिहावे असे काही घडले नाही.

फॉस्टर कधीही मुख्य प्रशिक्षक झाले नाहीत. 2015 च्या मोसमानंतर बीमर निवृत्त झाले तेव्हाही ती जागा बाहेरून आलेल्या जस्टिन फुएंटे यांना मिळाली, आणि फॉस्टर त्यांच्या हाताखाली त्याच निष्ठेने काम करत राहिले. हे अपयश आहे असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. 33 मोसम एकाच गावात, एकाच कामात राहून त्या कामाला गावाची ओळख बनवणाऱ्या माणसाला आणखी कोणत्या पदाची गरज होती?

त्यांचा अखेरचा सामना 31 डिसेंबरला माझ्याच गावात, शार्लटमध्ये, झाला. समोर केंटकीचा संघ होता, म्हणजे त्यांच्या जन्मराज्याचाच. केंटकीच्या लिन बोडेनने पळत 233 यार्ड काढले आणि शेवटची 15 सेकंदे उरलेली असताना पास टाकून संघाला आघाडी मिळवून दिली. शेवटच्या खेळीत व्हर्जिनिया टेकच्या हातून चेंडू सुटला आणि सामना 37-30 असा गेला. मला त्या पराभवाचे फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते. भाच्याने मात्र मैदानातून बाहेर पडताना पुढच्या मोसमाची तिकिटे काढायची का, असे विचारले, आणि मी हो म्हणालो.