समुद्र ऐकू येतोय बघ

बुधवारी आमच्या गिरगावातल्या चाळीत आठच्या आत जेवणं उरकत. आठला रेडिओ सिलोनवर सिनेगीतांची ‘बिनाका गीतमाला’. मर्फीच्या रेडिओला हात लावायचा अधिकार फक्त मामाचा. तो कान पिळल्यासारखं बटण पिळत काटा हळूहळू सरकवायचा आणि खरखरीतून एकदम ‘बहनो और भाइयो’ वर यायचं. सिलोनचा आवाज मात्र एका जागी ठरत नसे. ऐन मुखड्याला चढायचा, अंतऱ्याला विरून जायचा.

“असं का होतं रे मामा?”

“अरे, कोलंबो आहे ते. स्टेशन समुद्राकाठी. खिडकी उघडी राहिली असणार. समुद्र ऐकू येतोय बघ.”

मी कितीतरी वर्षं ऐकत होतो तो समुद्र. पुढे कॉलेजात कळलं, शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतून खाली येतात आणि तो थर स्वस्थ बसत नाही, म्हणून आवाज हिंदकळतो. परीक्षेत तेच लिहिलं. मनात समुद्रच होता.

आमच्या रविवारच्या बैठकीत चौघेही साठी उलटलेले, आणि प्रत्येकाकडे असा एकेक समुद्र. एकाला चाळिशीपर्यंत वाटत होतं की झुमरीतलैया नावाचं गावच नाही, फर्माइशी वाचणारे थट्टेने घुसडतात. नावच तसं, कोणाला खरं वाटेल! पण गाव आहे. झारखंडात, कोडरमा जिल्ह्यात, एके काळी अभ्रकाच्या व्यापारावर गब्बर झालेलं. तिथल्या लोकांना पत्रं लिहायचा नाद होता, एवढंच.

दुसरा केसकरांवर घसरतो. “आपल्याच मराठी माणसाने रेडिओवर सिनेमाची गाणी बंद केली!” तेही पुरतं खरं नाही. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी सिनेसंगीताचा वाटा छाटला, शिवाय सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, ते सांगायचं नाही, असं ठरलं. निर्माते चिडले, त्यांनी परवानग्या काढून घेतल्या. श्रोते गेले सिलोनकडे. त्याच वर्षी गीतमाला सुरू झाली. विविध भारती आली १९५७ मध्ये, तोवर काटा कोलंबोवर पक्का बसला होता.

माझा स्वतःचा लाडका किस्सा ‘महल’चा. १९४९ चं ‘आएगा आनेवाला’. रेडिओवर ते वाजलं की आकाशवाणीकडे पत्रांचा पाऊस, गायिका कोण? आणि रेकॉर्डवर नाव काय, तर कामिनी! म्हणजे पडद्यावर मधुबाला जी झाली होती, त्या पात्राचं नाव. शेवटी कंपनीकडे विचारणा झाली आणि लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगितलं गेलं. दुरून येणारा तो आवाज साधायला लताबाई म्हणे खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, हाही चाळीतलाच शोध. पण हे खुद्द त्यांनीच सांगितलेलं आहे. आता बोला! जे हमखास थाप वाटतं तेच नेमकं घडलेलं निघतं, आणि ज्यावर आपण पैज लावावी ते मामाचं असतं.

माझ्या समुद्राचं काय झालं ते राहिलंच. ‘बहनो और भाइयो’ म्हणणारे गीतमालेचे निवेदक अमीन सायानी कोलंबोला नव्हतेच. ते मुंबईत बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून वाजे. म्हणजे मुंबईत गायलेलं गाणं, मुंबईतच बोललेलं निवेदन, समुद्र ओलांडून लंकेला जाऊन, आभाळाला टेकून परत आमच्या गिरगावात यायचं. ट्रामने आलं असतं तर अर्ध्या तासात पोचलं असतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत सायानी गेले. त्या रात्री मामाला फोन केला. आता त्याला कमी ऐकू येतं, म्हणून ओरडूनच सांगितलं, “मामा, ते कोलंबोला नव्हते रे, इथेच होते, मुंबईत!”

मामा बराच वेळ गप्प राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

“मग चौपाटीचा असेल,” तो म्हणाला.