विद्यार्थी : अक्षरे तीन, ध्वनी आठ

माजी विद्यार्थ्याने स्मरणिकेत लिहायचे म्हणजे छड्या, मधली सुट्टी आणि शाळेमागचे चिंचेचे झाड यांची उजळणी व्हायलाच हवी, असा संकेत आहे. ती या अंकात इतरांनी केलीच असेल. माझे काम फॉन्टचे आणि संगणकावरच्या मराठी मजकुराचे. त्यामुळे मला लिहिता येईल ते पहिलीच्या वर्गात भिंतीवर असणाऱ्या वर्णमालेच्या तक्त्याबद्दल. तो आपण सहाव्या वर्षी पाठ करतो आणि पुढे त्याच्याकडे वळून बघत नाही.

या अंकात पानोपानी येणारा शब्द घेऊ : विद्यार्थी. अक्षरे मोजा : वि, द्या, र्थी. तीन. आता तोंडातून निघणारे ध्वनी मोजा : व्, इ, द्, य्, आ, र्, थ्, ई. आठ. हाच शब्द संगणकात साठवताना युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठी ठरवलेल्या संगणकीय संकेताची, दहा चिन्हे लागतात : व, पहिली वेलांटी, द, हलन्त (म्हणजे आपले पाय मोडणे), य, काना, र, पुन्हा हलन्त, थ, दुसरी वेलांटी. रोमन लिपीत लिहिलात तर नऊ अक्षरे होतात, कारण थ् या एका ध्वनीला तिथे टी आणि एच अशी जोडी लागते. शब्द एकच, पण कोण काय मोजतो त्यावर उत्तर ठरते.

याच शब्दात आणखी एक गंमत आहे. पहिली वेलांटी आपण व च्या डावीकडे काढतो, पण इ बोलतो व् नंतर. रफार थी च्या डोक्यावर बसतो, पण र् बोलतो थ् च्या आधी. म्हणजे देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते ती अक्षरा-अक्षराने. अक्षराच्या आत मात्र चिन्हे वर, खाली, मागे, पुढे कुठेही बसतात. आतला क्रम ठरलेला आहे : आधी सगळी व्यंजने, शेवटी स्वर. हा क्रम कानाला कळतो, डोळ्याला दिसत नाही. ‘आशीर्वाद’चे ‘आर्शीवाद’ आणि ‘पुनर्जन्म’चे ‘पुर्नजन्म’ होते ते इथेच. लिहिणाऱ्याला र् ऐकू येतो शी च्या लगेच नंतर, म्हणून तो रफार शी वरच ठेवून मोकळा होतो. उपाय सोपा आहे : र् नंतर जे व्यंजन बोलतो, त्याच्याच डोक्यावर रफार.

लिप्यांचे मुख्य प्रकार असे. जपानी काना लिपीत साधारण एका अक्षराला एक चिन्ह, मूळ चिन्हे 46. क आणि कि यांच्या चिन्हांत तिथे काहीच साम्य नसते. फिनिशियन लोकांची 22 चिन्हे फक्त व्यंजनांची होती, स्वर वाचणाऱ्याने भरायचे. अरबी आणि हिब्रू आजही बव्हंशी तशाच लिहितात. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारास ही चिन्हे ग्रीकांकडे गेली. त्यातल्या काही घशातल्या आवाजांची ग्रीक भाषेत गरज नव्हती. ती रिकामी चिन्हे त्यांनी स्वरांना दिली. आलेफ हे व्यंजन होते, ते आल्फा हा स्वर झाले. रोमन अक्षरे त्याच वंशातली.

आपली रीत चौथी. व्यंजनात अ मुरलेला असतो. दुसरा स्वर हवा तर काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार लावून अ हटवायचा, आणि स्वरच नको असेल तर पाय मोडायचा. भाषाशास्त्रात अशा लिपीला अबुगिडा म्हणतात. हे नाव इथिओपियाच्या लिपीतल्या अक्षरक्रमावरून आले आहे, कारण तिची रचना अशीच आहे. अशोकाच्या ब्राह्मी शिलालेखांतही हीच पद्धत दिसते. फायदा हिशेबात कळतो : 34 व्यंजनांची बाराखडी म्हणजे 408 अक्षरे, पण मुलाने शिकायची 34 व्यंजने आणि मूठभर खुणा.

आता तक्ता. क पासून म पर्यंतची 25 व्यंजने पाच ओळींत आणि पाच रकान्यांत उगाच बसवलेली नाहीत. ओळ सांगते की हवा कुठे अडवली : क ला जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला, च ला जीभ कठीण टाळूला, ट ला जिभेचे टोक मागे वळून टाळूला, त ला टोक दातांना, प ला ओठ ओठांना. घशाकडून सुरू होऊन आपण ओठांशी बाहेर पडतो. रकाना सांगतो की हवा कशी सोडली. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात हवेचा जोराचा झोत असतो. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यात स्वरतंतू थरथरतात. पाचव्यात हवा नाकातूनही जाते.

वर्गात हे पाच मिनिटांत करून दाखवता येते. वहीच्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी ओठांसमोर धरून क म्हणा, मग ख म्हणा. ख ला पट्टी हलते. प-फ ही जोडी मात्र घेऊ नका. बऱ्याच मराठी तोंडांत फ चे घर्षण होते, झोत पसरतो आणि प्रयोग फसतो. नाक चिमटीत धरून म म्हटले तर तो ब कडे झुकतो. गळ्याला बोट लावून कंप पाहायचा असेल तर क आणि ग घेऊन उपयोग नाही, कारण मागच्या अ ला स्वतःचाच कंप असतो आणि दोन्हींना बोट थरथरते. त्याऐवजी स् लांबवा, मग ‘माझा’ मधला झ् लांबवा. पहिल्याला बोट स्वस्थ, दुसऱ्याला गुणगुण.

संगणकाच्या इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळपाटावर (कीबोर्डवर) हाच तक्ता अंथरलेला आहे. व्यंजने उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला. के च्या कळीवर क आणि शिफ्ट दाबून ख, आय वर ग आणि शिफ्टने घ. शिफ्ट म्हणजे झोत. ज्याला तक्ता येतो त्याला अर्धा कळपाट आपोआप येतो, हे टायपिंगच्या वर्गात कोणी सांगत का नाही, मला कळत नाही.

झोताचा हा हिशेब शुद्धलेखनातही लागतो. ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’, ‘बुध्दी’ असे फलक गावोगाव दिसतात. बरोबर रूप द् आधी आणि ध नंतर : शुद्ध, प्रसिद्ध, बुद्धी. जीभ दातांना चिकटते, तिथेच थांबते आणि एकदाच सुटते. झोत सुटतानाच निघणार, म्हणून महाप्राण, म्हणजे झोताचा, वर्ण जोडीत दुसरा येतो. तसेच ‘श्रृंगार’. श्र मध्ये र् आहेच, त्याला पुन्हा ऋ कशाला? शृंगार.

तक्त्याची मांडणी तर्कशुद्ध, पण आकारांना तर्क नाही. ग आणि घ यांच्या चेहऱ्यात नाते दिसत नाही. प-फ सारख्या जोड्या विरळा. कोरियात राजा सेजोंगच्या काळी 1443 मध्ये सिद्ध झालेल्या आणि 1446 मध्ये जाहीर केलेल्या लिपीत आकारच जिभेची आणि ओठांची ठेवण दाखवतात, आणि झोत वाढला की एक रेघ वाढते. ते आपल्याकडे झाले नाही.

शिवाय तक्ता संस्कृतच्या मापाने बेतलेला आहे. मराठी तोंड तेव्हापासून बरेच पुढे गेले. ऋ हा स्वर आपण रु म्हणतो, हिंदीभाषक रि म्हणतात. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. आपण द्न्य म्हणतो, उत्तरेत ग्य. श आणि पोटफोड्या ष यांतला फरक कानापेक्षा आता डोळ्यालाच जास्त कळतो. उलट, च-ज-झ या प्रत्येक चिन्हामागे मराठीत दोन ध्वनी आहेत आणि तक्त्यात जागा एकच. संख्येतला चार आणि ‘गुराला चार’ मधला चार, जग म्हणजे दुनिया आणि ‘सुखाने जग’ मधला जग : लिहिताना एकरूप, बोलताना वेगळे. माझा आणि माझी म्हणून पाहा. ई समोर आली की जीभ टाळूकडे सरकते. मराठी माणसाला संदर्भावरून हे सहज कळते. परभाषक शिकणाऱ्याची आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकाची मात्र दैना उडते.

त्याहून मोठी दैना अ ने होते. लिहिलेला प्रत्येक अ आपण उच्चारत नाही. घर म्हणतो घर्, बोलता म्हणतो बोल्ता. गवत मध्ये व चा अ ऐकू येतो आणि त चा गळतो. पण गवताला म्हटले की तोच व चा अ गळून गव्ताला होते. ढोबळ नियम असा : शब्दाच्या शेवटचा अ गळतो, आणि मधल्या अ च्या मागे-पुढे एकेकच व्यंजन व त्यापलीकडे स्वर असेल तर तोही. तो शब्दाच्या शेवटाकडून लावायचा. शेवटी जोडाक्षर असेल, जसे रक्त किंवा पुष्प, तर अ थोडा शिल्लक राहतो. सामासिक शब्दांत सांधा कुठे आहे ते कळल्याशिवाय नियम चालत नाही : लोकसभा म्हणजे लोक् आणि सभा, पण नियम नुसता लावला तर लोकस्भा होते. यंत्राला हा सांधा दिसत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचे कोडेही या गळलेल्या अ पाशीच सुटते. मूल, वीट, गूळ यांत शेवटचा अ गेल्यामुळे आधीचा स्वर शेवटच्या बंद अवयवात, म्हणजे व्यंजनावर संपणाऱ्या तुकड्यात, सापडतो आणि लांबतो. प्रत्यय लागला की पुढे नवा स्वर येतो आणि तो पुन्हा आखूड होतो : मुलाला, विटा, गुळाचा. गुण, विष, मधुर असे तत्सम शब्द मूळ लेखन धरून राहतात, आणि सगळा घोळ तिथे होतो. कारण उच्चार आपण त्यांचाही लांबवतो.

अनुस्वाराचा ठिपका तर सर्वात राबवलेला नोकर. अंक मध्ये तो ङ्, अंडे मध्ये ण्, अंत मध्ये न्, आंबा मध्ये म्. पुढचे व्यंजन ज्या जागी, त्या जागचे अनुनासिक. सिंह आणि संवाद मध्ये त्याचा उच्चार व् कडे जातो. दुसरे काम : मुलांना, सरांनी असा अनेकवचनाचा किंवा आदराचा निरोप. तिसरे काम : असं, केलं, बरं. इथे नाकाचा संबंध उरलेला नाही, ठिपका फक्त अ लांबवायला सांगतो. जुन्या पुस्तकांत नांव, पांच, कांहीं असे उच्चारात नसलेले ठिपकेही असत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढले.

दर्या आणि दऱ्या यांतला फरक मराठीचा खास. दर्या म्हणताना दर्-या असा तुकडा पडून द वर आघात येतो. दऱ्या म्हणताना येत नाही. आचार्यांना जेवायला बोलावतात आणि आचाऱ्यांना जेवण करायला. कुऱ्हाड, तऱ्हा यांतही हाच अर्धा र.

मोडी लिपीने अशा भेदांची फारशी पत्रास ठेवली नव्हती. आधी कागदभर आडवी रेघ, मग हात न उचलता लिहीत जायचे. वेलांटी एकच, उकार एकच, शब्दांत जागा नाही. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही मराठी दप्तरातलेच असल्यामुळे कमी खुणांवर भागत होते. मोबाइलवर रोमनमध्ये मराठी लिहिणारे आज तेच करतात : एम-ए-एल-ए म्हणजे मला, माला, माळा की मळा, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. गोव्यातल्या मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात कोकणी-मराठी रोमनमध्ये लिहिताना यावर तोडगा काढला होता. मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून काढलेल्या, ध्वनीसाठी अक्षर दोनदा लिहायचे : ळ साठी दोन एल, ट साठी दोन टी.

शेवटी स्मरणिकेच्या संपादकांसाठी, कारण आलेला मजकूर कोणत्या फॉन्टमधून आला आहे यावर बरेच अवलंबून असते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप होते आणि रफार शेवटी, म्हणजे दिसते तसे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. रूपांतर करणारा प्रोग्राम वेलांटी एकाच तुकड्यापुढे सरकवतो, पूर्ण जोडाक्षरापुढे नाही, आणि ‘परिस्थिती’ची ‘परिसि्थती’ होते. मुद्रितात ‘सि्थ’, ‘कि्त’, ‘ध्द’, ‘श्रृ’, ‘आर्शी’ एवढे तुकडे शोधले तरी निम्मे काम होते. ‘ऱ्य’ दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत र् पुढे न दिसणारे जोडचिन्ह असते, ते नकल-डकव (कॉपी-पेस्ट) करताना गळले की आचाऱ्यांचे आचार्य होतात. ॲ चेही तसेच : हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये 2008 मध्ये आला. त्याआधीच्या मजकुरात अ वर वेगळा अर्धचंद्र असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोध घेताना मात्र ‘ॲडमिशन’ सापडत नाही. ल आणि श उत्तरेकडच्या वळणाचे दिसू लागले तर चिन्हे बदलू नका; मजकुराची भाषा हिंदी नोंदली गेली आहे का ते पाहा आणि मराठी करा.