संमेलनातला हौदा

डिसेंबर लागला की कुस्ती शिकवणारे सर हायस्कुलाच्या मागच्या बाजूला माती चाळायला घ्यायचे. शाळेचं संमेलन जवळ आलं, हे गावाला त्यावरूनच कळायचं. नाच-नाटकं होतीच, पण गर्दी कुस्त्यांना.

कोकणात कबड्डीचं वेड, त्यामुळे सरांनी पोरं हेरली तीही कबड्डीच्याच मैदानावर. घोटा पकडणाऱ्याला पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, फार शिकवावं लागत नाही. पुढची वाट मात्र खडतर. शालेय स्पर्धांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात कोल्हापूर विभागात. जिल्हा मारलेल्या पोराची गाठ थेट कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या तालमींशी! तिथे सरांची पोरं कुस्त्या मारून येत. त्यामागची मेहनत संमेलनात दिसायची.

हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, पंधरा बाय पंधरा फूट, नऊ इंच खोल. माती पावणेदोन ब्रास लागते, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपली जांभ्याची माती खडेरी, म्हणून ती बारीक चाळणीतून दोनदा काढून निम्मा नदीकाठचा पोयटा मिसळायचा. मग हळद, गोडंतेल, ताक, लिंबाचा रस, कापूर, आणि आठवडाभर रोज कुदळीने उलथापालथ. ताक जास्त झालं की आपल्या दमट हवेत ढेकळं धरतात आणि आंबूस वास सुटतो. तेल कमी पडलं तर धूळ डोळ्यात जाते. मऊ लागते म्हणून कुणी पुळण, समुद्रकाठची रेती, आणून टाकली की सर ती सगळी उपसायला लावत. रेतीने कातडी सोलते आणि खारटपणा ओल धरून ठेवतो. ताडपत्रीसुद्धा फक्त रात्री. दिवसा झाकली तर खालून माती घामेजते.

डाव शिकवायच्या आधी महिनाभर नुसतं पडायला शिकवत. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात आणि पुढचा हात एकदम मातीवर. पडताना हात ताठ टेकला की कोपर निखळलंच. मान तयार झाल्याशिवाय ढाकेचा डाव नाही, कलाजंग तर नाहीच. गावकऱ्यांना हा उशीर खटकायचा. सर बरोबर होते.

कुस्त्यांच्या सकाळी जोड्या वजनावर लागत. सर प्रत्येकाची नखं, मान, काख, पाठ उजेडात नेऊन बघत. गजकर्णाचा रुपयाएवढा चट्टा दिसला तरी तो पोरगा त्या दिवशी बाहेर, मग तो कितीही तयारीचा असो.

शेवटची कुस्ती सुटली की सर आधी हरलेल्याकडे जात आणि त्याचा खांदा हळूच फिरवून बघत. दोन्ही पोरं एकमेकांच्या पाठीवरची माती झटकत. हौद्यातली माती टाकायची नाही. पोत्यांत भरून कोरड्या खोलीत ठेवायची, पुढच्या वर्षीच्या हौद्यात विरजणासारखी मिसळायला.