फिक्सीला छोटी चाकं? आधी फ्रेम बघा
फिक्सी म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहणारी सायकल. तिच्या ७००सीच्या (नेहमीच्या मोठ्या मापाच्या) फ्रेममध्ये ६५०सी (त्याहून लहान) चाकं टाकली की सायकल भारी दिसते हो, पण रिमचा व्यास ५१ मिमीने लहान म्हणजे बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो फ्रेमचा भाग) सरळ अडीच सेंटीमीटर खाली येतो, आणि फिक्सीत वळताना पाय थांबवता येत नाही, मग पेडल रस्त्याला खर्रकन घासतं आणि मागचं चाक उचललं जातं, फाटते अक्षरशः. गिअरही हलका होतो, पुढे ४८ आणि मागे १६ दात असतील तर ७९ इंच (गिअरचं माप, जितकं जास्त तितकं पेडल जड) थेट ७३ वर, मागे १५ दात लावले की जरा जमतं.

बुटक्या लोकांसाठी मात्र खास ६५०सीचीच फ्रेम बेस्ट, बूट पुढच्या चाकाला अडकत नाही. ऐंशीच्या दशकात ट्रॅकवर फक्त पुढचं चाक छोटं ठेवायचे, आता यूसीआयला (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेला) दोन्ही सारखी लागतात.