अंगठा आधी, बोटं नंतर

टेनपिन बोलिंगचा, म्हणजे लेनवर घरंगळवून पिना पाडायचा, नवा बॉल घेताना सगळे रंग आणि वजन बघतात. मी म्हणेन, आधी अंगठ्याचं भोक बघा. इथे न्यू जर्सीत आमच्या मंगळवारच्या लीगमध्ये बहुतेकांची मनगटं दुखतात ती बॉल जड म्हणून नाही, तर भोक सैल म्हणून. सैल भोकात बॉल पडू नये म्हणून हात नकळत आवळला जातो, आणि आवळलेला अंगठा वेळेवर सुटत नाही.

माझा नवा बॉल १४ पौंडांचा, फिंगरटिप ग्रिपचा. म्हणजे मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आत जातात, अंगठा मात्र पूर्ण. प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉलला हाताच्या मापाची भोकं पाडून देणाऱ्या दुकानात, माप द्यायला मी मुद्दाम थोडं खेळून गेले, कारण खेळताना अंगठा सुजतो. अंगठा भोकाच्या भिंतीला सगळीकडून टेकायला हवा, पण दाबावं लागू नये. आणि स्पॅन! अंगठा ते बोटं हे अंतर जास्त झालं की तळहात ताणला जातो, अंगठा अडकतो.

उरलेला फरक अंगठ्याच्या भोकात टेप लावून भरते. सुरुवातीला दोन पट्ट्या, अंगठा फुगला की एक काढायची. भोकाची कड टोचत असेल तर ती थोडी गोल करून घ्या. त्यासाठी दुकानात परत जायला अजिबात संकोचू नका.

सगळं जुळलं की अंगठा आधी निसटतो, मग बोटं बॉलला फिरकी देतात. मुठीत काहीच ताण नसतो. हे जमल्यावरच हुकचा, म्हणजे बॉल शेवटी वळवण्याचा, सराव सुरू करा.