मी विचारलं नव्हतं

"चुकलेल्या डॉक्टरांच्या बाजूने तुम्ही उभ्या कशा राहता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, स्मशानाबाहेर विचारला गेलाय, आणि एकदा तर दातांच्या खुर्चीत, माझं तोंड उघडं असताना, खुद्द डॉक्टरांनीच विचारलाय. इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. या वेळी विचारणारी माझी मावसबहीण आहे. तिचे सासरे गेल्या वर्षी आयसीयूत वारले आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करायची की नाही, हे तिचं अजून ठरत नाहीये. तिच्यासमोर हसता येत नाही.

माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. चूक झाली की नाही हे ठरवायलाच सुनावणी असते, आणि डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायची संधी द्यायची, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेच्या नियमांतच लिहिलंय. (२ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम आले होते, २३ ऑगस्टला ते स्थगित झाले. तीन आठवड्यांचं राज्य. आम्ही परत २००२ वर.) तर मी म्हणायचे, मी डॉक्टरची वकील नाहीच, मी त्या संधीची वकील आहे. तिशीत असं बोलायला फार छान वाटतं. ती मुलगी आज भेटली तर विचारीन, बाई गं, संधीची फी कोण देतं?

प्रत्यक्षात माझं बरंचसं काम म्हणजे डॉक्टरला गप्प बसवणं. नोटीस आली की माणूस दुखावतो आणि त्याच रात्री स्वतःच्या लेटरहेडवर खुलासा लिहून पाठवतो. पेशंटने पथ्य पाळलं नाही, नातेवाईक उद्धट होते, वीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही. मग तोच खुलासा ग्राहक आयोगात समोरचा वकील वाचून दाखवतो. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, असं सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या शांता निकालानंतर, म्हणजे १९९५ पासून, ते दार उघडंच आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे जेकब मॅथ्यू निकालाची प्रिंट, पिवळ्या हायलायटरने रंगवलेली. "मॅडम, सुप्रीम कोर्टच म्हणतंय, ढोबळ निष्काळजीपणा असल्याशिवाय काही होत नाही." अहो, ते २००५ साली म्हटलं ते फौजदारी गुन्ह्याबद्दल. कौन्सिल तुम्हाला तुरुंगात टाकत नाही आणि पेशंटला भरपाईही देत नाही. ती ताकीद देते, नाहीतर रजिस्टरवरून नाव काढते, ठरावीक काळापुरतं किंवा कायमचं. तिथे ढोबळपणाचं माप लावून चालत नाही. पैशांचं इन्शुरन्स कंपनी बघून घेते, रजिस्ट्रेशन नंबरचं कोणी बघत नाही. मी सर्जनचे हात थरथरताना पाहिलेत, ते माझ्या ऑफिसातच.

आता ती केस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

स्वतःचं छोटं हॉस्पिटल चालवणारे सर्जन. पेशंट साठीच्या बाई, हर्नियाचं ऑपरेशन, नीट पार पडलेलं. दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास त्यांना धाप लागली, नाडी वाढली. सिस्टरने फोन केला, डॉक्टरांनी फोनवर ऑक्सिजन लावायला आणि काय काय द्यायचं ते सांगितलं. पहाटे मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तिथे दोन दिवसांनी बाई गेल्या. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन आधीपासून चालू होतं, चार्टवर वेळेसकट नोंद होती. बाजू मांडायला चांगली केस.

आणि इनडोअर पेपरवर, म्हणजे दाखल पेशंटच्या रोजच्या नोंदींच्या कागदावर, एक ओळ होती. रात्री २.००, पेशंट पाहिला, नाडी ९६, निरीक्षण चालू ठेवणे. खाली सही. मी अख्खा खुलासा त्या ओळीवर उभा केला: फोन आल्यावर तासाभरात डॉक्टर स्वतः हजर होते.

ती ओळ सिस्टरच्या दोन नोंदींच्या मधे दाटीने बसवलेली होती. अक्षर डॉक्टरांचंच, पण बारीक. डॉक्टरांच्या बाकी सगळ्या नोंदी काळ्या शाईत, ही एकटी निळ्या. मला दिसलं. माझ्या ज्युनिअरलाही दिसलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.

का उलटलं, तेही सांगते, कारण इथेच लोक मला समजून घेत नाहीत. किंवा फार नीट समजून घेतात. अशिलाने मला सांगितलं की ही ओळ मी नंतर लिहिली, तर ती खरी म्हणून पुढे करायला मी मोकळी राहत नाही. त्याने सांगितलेलं बाहेर बोलायलाही मी मोकळी नाही. विचारलंच नाही तर काही कळतच नाही. हे कुठल्या लॉ कॉलेजात शिकवत नाहीत, सिनियरच्या चेंबरमध्ये पहिल्या वर्षातच अंगी येतं. मी त्याला धोरण म्हणायचे.

सुनावणीला तक्रारदार मुलगा एकटा आला होता, वकील नाही. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. आई गेल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने कागद मागितले होते. मागणी झाल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात आणि डॉक्टरांच्या हॉस्पिटलने ते दिलेही होते, वेळेत, कुरकुर न करता. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याने झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली, आम्ही दाखल केलेल्या प्रतीच्या शेजारी. झेरॉक्सवर सिस्टरची १.१० ची नोंद होती, ३.४० ची होती, आणि मधे कोरी जागा.

तो ओरडला असता तर मला बरं पडलं असतं. आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकाला कसं हाताळायचं ते मला येतं. तो म्हणाला, "सर, आईला दोन वाजता कुणी पाहिलं का, एवढंच मला कळू द्या."

समितीतल्या एका डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही कागद जवळ धरले. एक पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला. मग ते कागद शेजारच्यांकडे गेले, तिथून पुढे. पाच जण होते, पाचही जणांनी सावकाश पाहिलं. शेवटी कागद माझ्याकडे आले, मी कधी पाहिलेच नव्हते असे. "मॅडम, मूळ कागदाबद्दल काही म्हणायचंय?" मी म्हटलं, अशिलाशी बोलून सांगते. हे वाक्य आमच्याकडे तोंड झाकायला असतं. माझ्या शेजारी डॉक्टर बसले होते, खिशातलं पेन हातात घेऊन. काळ्या शाईचं.

बाहेर पॅसेजमध्ये ते म्हणाले, "मॅडम, मी खरंच गेलो होतो दोनला. लिहायचं राहिलं होतं. नंतर लिहिलं."

"मग नंतरची तारीख का नाही टाकलीत?"

"कोण टाकतं?"

टाकतात. उशिरा केलेली नोंद असं लिहायचं, आजची तारीख, आत्ताची वेळ, सही. दोन ओळींचं काम. सिस्टर नोकरी सोडून गेली होती, तिचा फोन लागत नव्हता. रात्री हॉस्पिटलात कोण आलं-गेलं याचं रजिस्टर नव्हतं. ते दोन वाजता गेले होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. गेले असावेत असं मला वाटतं. पण वाटण्याचेच मी पैसे घेते, त्यामुळे त्यावर फार जाऊ नका.

मग ते म्हणाले, "तुम्ही आधी विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं."

निकाल असा लागला: उपचारांत निष्काळजीपणा नाही, कागदात फेरफार आहे. तीन महिने नाव रजिस्टरवरून बाहेर. ज्या गोष्टीसाठी तक्रार झाली त्यात ते सुटले आणि त्या एका ओळीत अडकले. त्या मुलाला लेखी कळलं की आईच्या उपचारांत दोष नव्हता. त्याने विचारलेलं कुणी सांगितलं नाही, सांगू शकत होते ते फक्त माझे अशील, आणि त्यांच्यावर तोवर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. त्याला मी कारण आहे का? माझे सहकारी म्हणतात, तू काय करणार, कागद त्याने खराब केला. बरोबर आहे. पण मी विचारलं असतं तर खुलासा वेगळा लिहिला असता: फोनवर काय सांगितलं, त्या घडीला ते का योग्य होतं, आणि ही नोंद नंतरची आहे. कदाचित ताकिदीवर भागलं असतं. कदाचित ते माझ्याशीही खोटं बोलले असते आणि मी तेच, दुप्पट खात्रीने, मांडलं असतं. या दोन कदाचितांमध्ये मी बरीच वर्षं येरझारा घालतेय.

ही केस मी सोडून दिली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं का? दुसऱ्या कुणी घेतली असती, आणि पान त्यानेही उलटलं असतं. तरीही सांगते, त्या माणसाला वकील मिळायलाच हवा होता. आणखी एक कबुली. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात कौन्सिलच्या कारवाईवर अपील कुणी करायचं हे सांगताना शब्द फक्त डॉक्टरचा आहे, नातेवाइकांचा नाही. हा अन्याय आहे असं मी चहा पिताना म्हणते. आणि नातेवाईक अपिलात आले की त्याच शब्दावर बोट ठेवते. पुढेही ठेवीन.

तर ताई, तुला. तक्रार कर किंवा नको करू, कागद आजच माग. लेखी माग, पोच घे. हे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं बंधन आहे, पुढे कोण हमी देणार? मी हे सांगतेय म्हणून माझे काही अशील चिडतील, चिडू देत. आणि उद्या त्या डॉक्टरांचा मला फोन आला तर तुझ्या नात्यामुळे मी केस घेणार नाही. पण त्यांना चांगला वकील सुचवीन. तुला राग येईल, माहितीये.

मागच्या महिन्यात एक तरुण भूलतज्ज्ञ आली, फाइल छातीशी धरून. भुलीच्या चार्टवर एका आकड्यावर पुन्हा गिरवलेलं होतं. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "याच्या झेरॉक्स किती गेल्यात, आणि कधी?"

"दोन," ती म्हणाली.

"आधी त्या मिळवा."

गिरवलेल्या आकड्यावर माझं बोट होतं. ते तिथेच ठेवून मी दुसरा प्रश्न विचारला, हे कधी केलंत? ती गप्प राहिली. बराच वेळ. आणि खरं सांगते, तिने बोलू नये असं मला त्या वेळी वाटत होतं.