तुम्ही विचारलंत म्हणून: चुकीच्या शिट्टीनंतरची रात्र

"चुकीचा निर्णय दिला हे नंतर कळलं, तर रात्री झोप लागते का हो?"

मी आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यांत रेफ्री होतो हे कळलं, की हा प्रश्न येतोच. चारचौघांत उभ्या उभ्या मी "नाही लागत" एवढं सांगून मोकळा होतो. तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

झोप लागत नाही हे खरंच. पण लोकांना वाटतं, गर्दीच्या शिव्या कानात घुमत असतील. त्या घुमत नाहीत, तासाभरात विरतात. रात्री अंथरुणावर पडून मी मोजत असतो माझी पावलं. शिट्टी तोंडाला लावायच्या आधीची चार-पाच पावलं कुठे पडली, आणि कुठे पडायला हवी होती.

एक पेनल्टी मला अजून दिसते. सामन्याची शेवटची वीस मिनिटं, बरोबरी, आणि अचानक प्रतिहल्ला. फॉरवर्ड चेंडू घेऊन बॉक्सच्या, म्हणजे गोलपुढच्या पेनल्टी क्षेत्राच्या, डाव्या कोपऱ्यातून आत शिरला. मी त्याच्या मागे धावत होतो, अगदी त्याच्या पाठीच्या रेषेत. आतल्या बाजूने बचावपटू घसरत आला, फॉरवर्ड कोसळला, मी शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट केलं. गोल झाला. सामना त्याच गोलावर संपला.

तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीला चूक दाखवणारी यंत्रणा, नव्हती. रात्री हॉटेलच्या खोलीत बाजूच्या कॅमेऱ्यातून तो क्षण पाहिला. बचावपटूच्या बुटाचं टोक आधी चेंडूला लागलं होतं, स्वच्छ. त्याचा पाय आणि फॉरवर्डची नडगी यांच्यात चांगली वीतभर फट होती. मागून ती दिसणं शक्यच नव्हतं, कारण मधे फॉरवर्डची पाठ होती. मी पाच पावलं डावीकडे असतो तर ती फट मला मैदानातच दिसली असती.

त्याआधी, सामना संपल्या संपल्या, रेफ्रीचं काम तपासायला आलेल्या निरीक्षकांनी मला समोर बसवून विचारलं होतं, "तुम्ही काय पाहिलंत?" मी म्हणालो, "पायाला पाय लागला." त्यांनी तोच प्रश्न, तेच शब्द, पुन्हा विचारले. आणि मला घाम फुटला. पाय लागलेला मी पाहिलाच नव्हता. बचावपटू घसरलेला पाहिला, फॉरवर्ड पडलेला पाहिला. मधला तुकडा माझ्या डोक्याने भरला होता, आणि इतक्या बेमालूम की मी तो शपथेवर सांगितला असता.

झोप घालवते ती ही गोष्ट. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा, आणि तो करताना माणसाला पत्ताही लागत नाही.

चांगल्या जागी असूनही दिसत नाही, असंही होतं. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगचा बूट स्पेनच्या झाबी आलोन्सोच्या छातीत बसला आणि रेफ्री हॉवर्ड वेब यांनी फक्त यलो कार्ड दाखवलं. ते रेड हवं होतं हे त्यांनी पुढे स्वतः उघडपणे मान्य केलं. त्या क्षणी एक खेळाडू त्यांच्या नजरेच्या आड आला होता. न दिसलेल्या गोष्टीला तुम्ही रेड देणार कसं? मला त्यांचा तो कबुलीजबाब फार मोठा वाटतो. त्याच स्पर्धेत जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू आडव्या खांबाला लागून चांगला आत टप्पा पडला आणि बाहेर आला, गोल मात्र दिला गेला नाही. सहायक पंचाला ऑफसाइडसाठी शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहावं लागतं. तिथून लांबचा फटका सुटला की चेंडूआधी गोलरेषेवर पोहोचणं कुणाच्याच पायांत नाही. २०१४ च्या विश्वचषकात चेंडू गोलरेषेपार गेला का हे सांगणारं तंत्रज्ञान आलं तेव्हा मला सहायकांसाठी मनापासून आनंद झाला.

लोक म्हणतात, मग आता व्हीएआर आहे, काळजी मिटली. व्हीएआर २०१८ च्या विश्वचषकात आला तो चार गोष्टींपुरता: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड. त्यातही चूक ढळढळीत असावी लागते. शिवाय पडदा बघायचीही रीत आहे. पाय नेमका कुठे लागला हे संथ गतीत बघायचं, धडक किती जोराची होती हे मात्र नेहमीच्या वेगात, कारण संथ चित्रात साधा धक्काही क्रूर दिसतो. माझी ती पेनल्टी आज असती तर बहुधा मागे घेतली गेली असती. पण माझी जागा चुकली ती चुकलीच असती.

म्हणून शारीरिक चाचणीची गोष्ट सांगतो. पुरुष रेफ्रींसाठी आंतरराष्ट्रीय चाचणीत ४० मीटरची धाव सहा वेळा, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत. मग ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, आणि हे चाळीस वेळा. ४ किलोमीटर होतात. लोकांना वाटतं हे चेंडूमागे धावता यावं म्हणून. खरं तर हे वळसा घेता यावा म्हणून. दम संपला की पाय जवळची वाट धरतात, आणि जवळची वाट नेहमी सरळ पाठीमागची असते. त्या दिवशी माझं नेमकं तेच झालं होतं.

आंतरराष्ट्रीय रेफ्रीच्या जर्सीवरचा फिफाचा बिल्ला एका वर्षाचा असतो. वर्ष त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दरवर्षी आपल्या देशाच्या संघटनेने पुन्हा नाव पाठवायचं, फिफाने मान्य करायचं. त्या सामन्यानंतर काही महिने मला मोठा सामना मिळाला नाही. मला ते योग्यच वाटलं. त्या काळात मी सकाळी मोकळ्या मैदानावर शंकू मांडून एकच धाव गिरवत होतो: मध्यरेषेपासून बॉक्सच्या डाव्या कोपऱ्याकडे, बाहेरून वळसा घेत, चेंडू आणि समोरचा सहायक दोघंही नजरेत ठेवून. शेकडो वेळा. पुढच्या वर्षीचा बिल्ला हातात आला तेव्हा आधी त्यावरचं साल वाचलं, मग शिवायला दिला.

हल्ली टीव्हीवर सामना लागला की घरचे चेंडू बघतात, मी रेफ्रीचे पाय बघतो. डावीकडून हल्ला येतो, तो बिचारा सरळ पाठीमागून धावत सुटतो, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या डावीकडे सरकतो.